व इतर

सामूहिक चित्रप्रदर्शनात माझं एक जलरंगचित्र लागलं. लागलं म्हणजे भिंतीला लागलं. कुणाच्या नजरेला लागायची सोय नव्हती, कारण बरोबर त्याच्या पुढ्यात 'आगामी कार्यक्रम' हा सहा फुटी फलक स्टँडवर उभा होता. फलकाच्या वर माझं थोडं आभाळ दिसत होतं. उजवीकडून मान तिरकी केली, तर नदीचा एक काठ.

संयोजकांना म्हटलं, हा हलवा ना जरा. ते म्हणाले, "मॅडम, मोक्याची जागा आहे, आल्या-गेल्याची नजर आधी तिथंच जाते." चित्र तिथं लावताना त्यांनी मला हेच सांगून खूश केलं होतं.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचांवर यावा, असा मांडणीतला रूढ हिशेब आहे. उभ्या माणसाची नजर मग आपसूक चित्रात शिरते. मी स्वतः टेप धरून तो साधला होता. त्या 57 इंचांवर आता 'बालनाट्य शिबिर : नोंदणी सुरू' होतं. एक फायदा मात्र मानते. उजेडानं जलरंग उडतात, म्हणून संग्रहालयं कागदावरच्या कामांना 50 लक्सच्या आसपासच, म्हणजे मंदच प्रकाश देतात. त्या फलकाच्या सावलीत माझं चित्र शंभर वर्षं टिकेल.

तेवढ्यात एक काका आले आणि थेट माझ्या भिंतीकडे बघत थांबले. माझा ऊर भरून आला. मी नम्रपणे जवळ गेले.

"ताई, जरा सरकता का? तारखा दिसत नाहीयेत."

मी सरकले. काकांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेन झटकलं, पुन्हा झटकलं, आणि माझ्यापुढे हात केला. मी माझं रेखाटनाचं पेन दिलं. ते फलक मोठ्यानं वाचत सावकाश उतरवू लागले.

"एकपात्री. म्हणजे माणूस एकच. मग मध्यंतर असतं का हो?"

"माहीत नाही."

"मूकाभिनय. हा बरा. आमच्या हिला ऐकू कमी येतं. एरवी सारखी मला विचारते, काय म्हणाला, काय म्हणाला. इथं दोघं सारखेच." त्यांनी त्याखाली दोनदा रेघ मारली. "परवा, पाच वाजता. आणि हे चित्रप्रदर्शन कधीपासून?"

"सुरू आहे."

"कुठं?"

"इथंच. तुम्ही त्यातच उभे आहात."

काकांनी मागं पाहिलं, वर पाहिलं, पंख्याकडेही पाहिलं. "पण इथं तर आगामी लिहिलंय."

"फलक बदलला नाही अजून."

"संपणार कधी?"

"परवा."

"मग परवाच येतो, निवांत बघू." आणि तेही लिहून घेतलं.

1961 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसचं एक कागदी कातरकाम 47 दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखावर लोक समोरून गेले म्हणतात, आणि शेवटी एका बाईच्या लक्षात आलं. चित्रकारांच्या गप्पांत हा किस्सा हसायला सांगतात. मला आता हेवा वाटतो. उलटं का होईना, दिसत तरी होतं! माझं सुलटं आहे हे मला एकटीलाच ठाऊक. चौकट माझ्या खर्चानं, काच माझ्या खर्चानं, सहभागशुल्क आगाऊ भरलेलं, आणि वर ऐकायचं की तुम्हाला व्यासपीठ मिळालं. व्यासपीठ मिळालं ते बालनाट्याला.

काका प्रदर्शनाच्या ओळीवर आले. तीन चित्रकारांची नावं त्यांनी आडनावांसकट लिहिली आणि थबकले.

"'व इतर' म्हणजे कोण?"

"मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. संपूर्ण प्रदर्शनात इतकं निरखून बघितलेली मीच एक. "अस्सं! मग काय नाव लिहू?"

मी नाव सांगितलं. ओळीच्या टोकाला जागा उरली नव्हती. "राहू द्या," ते म्हणाले, "इतरमध्ये तुम्ही आलातच." डायरी मिटली, पेन खिशाला लावलं आणि गेले.

माझं पेन! शून्य पूर्णांक तीनचं, न पुसणाऱ्या शाईचं. आता परवा पाच वाजता मला मूकाभिनयाला जावं लागणार.