'अर्धवट माहिती'बद्दल : एका वाचकाला उत्तर

गेल्या आठवड्यात मी एचएसएवर, म्हणजे अमेरिकेत आरोग्यखर्चासाठी करसवलतीत पैसे साठवायच्या खात्यावर, लेख लिहिला होता; भारतात केलेल्या दातांच्या उपचारांनाही ते पैसे चालतात, असं त्यात होतं. त्याखाली आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायला नको. "मॅडम, अर्धवट माहितीवर लेख पाडू नका. इथली करसवलत घ्यायची आणि दात पुण्यात करून घ्यायचे, ही सरळ पळवाट आहे. 'कुटुंबाचा खर्च चालतो' हे वाचून लोक भारतातल्या आईवडिलांची बिलंही लावतील. शिवाय न्यू जर्सीत राज्याचा कर वाचत नाही, ते लिहिलंच नाहीत. आधी सीपीएला विचारा, मग ज्ञान वाटा." (सीपीए म्हणजे इथला सनदी लेखापाल.)

न्यू जर्सीचं मान्य. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं एचएसएला सवलत देत नाहीत. मी फेडरल, म्हणजे केंद्राच्या कराबद्दल लिहीत होते, पण तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं. आज लेखात एक वाक्य घातलंय. झालं?

आता 'लेख पाडू नका' आणि 'ज्ञान वाटा'. अहो, इथे जाहिराती नाहीत, मला कुणी पैसे देत नाही. पोरं झोपल्यावर ओट्याशेजारी बसून लिहिते. आणि माहितीचंच म्हणाल तर एका पेरोल ऑफिसात मी अकरा वर्षं काढली आहेत. डब्ल्यू-टूच्या, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कर दाखवणाऱ्या फॉर्मच्या, बाराव्या चौकटीत 'डब्ल्यू' असा एचएसएचा कोड का आलाय, हे जानेवारी-फेब्रुवारीत दिवसाला वीस जणांना फोनवर समजावून सांगायचे. त्यांतले निम्मे तुमच्याच सुरात बोलायचे.

'पळवाट' हा शब्द मात्र मला झोंबला. पळवाट म्हणजे नियमाला बगल देणं. इथे नियमच तसा आहे. आयआरएसचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, ५०२ क्रमांकाचं प्रकाशन उघडा. दात साफ करणं, फिलिंग, दात काढणं, कवळी, सगळं त्यात बसतं. दात पांढरे करून घेणं बसत नाही, कारण ते दिसण्यासाठी. दंतवैद्य अमेरिकेतलाच हवा, अशी अट कुठेही नाही. उपचार कायदेशीर हवा, आणि खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा.

२०१७ साली भाच्याच्या मुंजीला पुण्याला गेलो, तेव्हा नवऱ्याची दाढ ठणकायला लागली. रूट कॅनाल आणि कॅप मिळून २२,००० रुपये, म्हणजे तेव्हाचे साधारण ३४० डॉलर. इथे त्याच दाढेचे २,४०० सांगितले होते. कोथरूडच्या डॉक्टरांकडून मी शिक्का मारलेली पावती घेतली, त्यावर नाव, तारीख आणि काय केलं ते इंग्रजीत लिहून घेतलं, त्या दिवशीचा दर शेजारी टिपून ठेवला आणि तेवढेच पैसे खात्यातून काढले. विमानाचं तिकीट लावलं नाही. प्रवास मुंजीसाठी होता, दाढेसाठी नाही. पळवाट शोधणारी बाई तिकीट सोडते का हो?

औषधांचा नियम वेगळा, आणि तोही मी लेखात लिहिला होता. तुम्ही तिथवर पोचला नसाल. भारतात डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी तिथेच विकत घेऊन तिथेच घेतली, आणि ती दोन्ही देशांत कायदेशीर असली, तर चालते. सहा महिन्यांचा साठा बॅगेत भरून आणलात, तर सहसा नाही. च्यवनप्राशही नाही, तो तब्येत चांगली राहावी म्हणून घेतो आपण. इथल्या दुकानातली टायलेनॉलसारखी वेदनाशामक गोळी आणि सॅनिटरी पॅड मात्र २०२० पासून चिठ्ठीशिवाय चालतात.

राहिले आईवडील. मी 'कुटुंब' लिहिलं होतं, 'आईवडील' नव्हे. पती किंवा पत्नी आणि करापुरते अवलंबून असलेले, एवढंच ते कुटुंब. अवलंबून असलेला माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी. साताऱ्यात राहणारे, भारतीय पासपोर्टवाले बाबा त्यात येत नाहीत, मग त्यांना दरमहा तुम्ही कितीही पाठवा. हे सुज्ञ वाचकाला कळतं असं मी धरून चालले होते. खाली आणखी दोघांनी तेच विचारलंय, हे खरं. पण त्यांनी नीट विचारलंय. तरी ज्यांनी आधीच अशी बिलं लावली असतील त्यांच्यासाठी सांगते: ४०० डॉलर चुकून काढले, तर ते उत्पन्नात धरून कर, वर २० टक्के दंड, म्हणजे ८० डॉलर. वयाच्या ६५ वर्षांनंतर दंड नाही, कर आहेच. चूक लक्षात आली असेल तर रिटर्न भरण्याआधी बँकेला फोन करा, काही बँका पैसे परत जमा करून घेतात.

सीपीएला विचारलं होतं. तो माझा दीर आहे, आणि न्यू जर्सीचं वाक्य त्याच्याही नजरेतून सुटलं.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. तिच्यात कराबद्दल काहीच नव्हतं.