बारा पाळणे आणि एक बाक

मोठ्या मनोरंजन उद्यानासाठी एक दिवस पुरतो की दोन लागतात, या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलांची नावे ठेवतानाही झाली नव्हती. तिकीट काढण्याच्या पानावर ‘एक दिवस’ आणि ‘दोन दिवस’ असे दोनच चौकोन होते आणि त्यांपैकी एकावर खूण केल्याशिवाय ते पान पुढे सरकत नव्हते. माझी तक्रार इथूनच सुरू होते. जी जागा आपण पाहिलेलीच नाही ती पाहायला किती वेळ लागेल हे आधी लिहून द्या, मग जागा दाखवतो, असा हा व्यवहार आहे. नदीत पाऊल बुडवण्याआधीच पैलतीर किती हातांवर आहे, हे कागदावर मागण्यासारखेच ते झाले.

घरातली मते ठरलेली होती. तेरा वर्षांच्या कन्येला दोन दिवस हवे होते, आठ वर्षांच्या चिरंजीवांना तिथे कायमचे राहायला जायचे होते आणि पत्नीच्या मते एक दिवस हीच मानवी देहाची मर्यादा होती. सासूबाई म्हणाल्या, “मी एका बाकावर बसून राहणार, मला दोन्ही चालेल.” हे वाक्य कोणीही मनावर घेतले नाही.

मग मी जाणकारांचा सल्ला घेतला आणि तो घेऊ नये हे मला नंतर कळले. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने छातीठोकपणे सांगितले की अर्धा दिवस खूप झाला, दुपारच्या जेवणापर्यंत सगळे पाहून होते. माझ्या मेहुण्याने तेवढ्याच ठामपणे सांगितले की चार दिवसही अपुरे पडतात. अधिक चौकशी केल्यावर असे निष्पन्न झाले की सहकारी शाळा चालू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी, भर पावसात आणि मुलांशिवाय गेला होता. मेहुणा गेला होता तो फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये. १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची जमीन सुमारे १०० चौरस किलोमीटर असून तिच्यावर आज चार स्वतंत्र उद्याने आहेत. तिथे किती वेळ लागतो असे विचारणे म्हणजे एखादे शहर पाहायला किती वेळ लागतो असे विचारण्यासारखे आहे. दोघेही खरेच बोलत होते. फक्त मी कोणत्या वारी जाणार, मुलांना सुट्टी आहे का आणि त्यांची उंची किती, हे मात्र दोघांपैकी एकानेही मला विचारले नव्हते. या तीन गोष्टी ठाऊक नसताना दिलेला कोणताही आकडा म्हणजे रुग्णाला न पाहता दिलेले औषध होय.

अखेर मी संगणकावर तक्ता मांडला. पाहण्याजोगे पाळणे बारा निघाले. (आमच्याकडे माणसाला गोल, उलटे किंवा खालीवर फिरवणाऱ्या प्रत्येक यंत्राला पाळणाच म्हणतात; कन्या राईड म्हणते.) प्रत्येकी तीन मिनिटे धरली तर छत्तीस मिनिटे होतात. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटांची रांग धरली, एका पाळण्याकडून दुसऱ्याकडे चालायला पाच मिनिटे धरली, जेवणाला पाऊण तास दिला आणि सगळे मिळून साडेसहा तासांच्या आत आले. उद्यान दहा तास उघडे असते. एक दिवस पुरून वर साडेतीन तास उरत होते. ते कुठे घालवावेत, याची मला त्या रात्री खरोखरीची काळजी वाटली.

आता प्रश्न राहिला क्रमाचा. बारा ठिकाणांना एकेकदा भेट द्यायची तर ती किती वेगवेगळ्या क्रमांनी देता येते, याचे उत्तर ४७,९०,०१,६०० असे येते. त्यांतला सर्वांत कमी चालावे लागणारा क्रम शोधण्याच्या कामात मी दोन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या संध्याकाळी पत्नीने तक्ता वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचला.

“अहो, यात स्वच्छतागृह कुठे आहे?”

“नकाशात आहे की. पाच ठिकाणी आहेत.”

“नकाशात नव्हे, वेळापत्रकात.”

पाच माणसांना एकाच वेळी तिकडे जावेसे कधीही वाटत नाही, हा तिचा मुद्दा होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कानमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या रोगाला नाव दिले आहे. आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, आणि मागच्या खेपेला काय झाले होते हे ठाऊक असूनही कमीच धरतो. मला हे वाचून माहीत होते. माहीत असल्यामुळे आपण त्यातून सुटलो, अशी माझी समजूत होती. आम्ही एका दिवसाच्या चौकोनावर खूण केली.

ठरल्या दिवशी उद्यान दहाला उघडणार होते आणि आम्ही बरोबर दहाला पोहोचलो, ही पहिली चूक. अनुभवी मंडळी उघडण्याच्या अर्धा तास आधी दारात उभी असतात आणि दार उघडताच सर्वांत लांबच्या, सर्वांत गाजलेल्या पाळण्याकडे ताडताड चालत सुटतात. दहाला पोहोचणे म्हणजे दहाला वाहनतळावर पोहोचणे. तिथून प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर, पिशव्यांची तपासणी, तिकिटांवरच्या चौकोनी नक्षीकडे यंत्राने बराच वेळ पाहून मान न डोलावणे आणि प्रवेशद्वाराखाली सर्वांचे डोळे उघडे असलेले एक छायाचित्र, एवढे होईपर्यंत दहा पंचेचाळीस झाले होते. सासूबाईंनी आत येताच आकाशपाळण्यासमोरचा, झाडाखालचा एक बाक निवडला आणि त्या बसल्या. दिवसभरात वेळापत्रकाप्रमाणे घडलेली ही पहिली गोष्ट.

पहिल्याच पाळण्याच्या तोंडाशी उंची मोजण्याची पट्टी होती. तिच्यावरची रेघ १२० सेंटिमीटरांवर होती आणि चिरंजीव ११८ भरले. त्याने टाचा उचलल्या, त्या दाबून खाली ठेवण्यात आल्या. त्याने केस उभे केले, ते ग्राह्य धरले गेले नाहीत. हे दोन सेंटिमीटर आम्हाला फार महाग पडले, कारण त्यांनी कुटुंबाची फाळणी केली. एकाने कन्येबरोबर रांगेत उभे राहायचे, दुसऱ्याने रुसलेल्या चिरंजीवांजवळ थांबायचे आणि मग अदलाबदल करून दुसऱ्याने तीच रांग नव्याने भोगायची. अशा पालकांपैकी दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागू नये, अशी सोय कित्येक उद्यानांत असते. ती इथेही होती आणि आम्हाला दुपारी चार वाजता कळली.

रांगेविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझा बहुतेक दिवस तिथेच गेला. मनोरंजन उद्यानातली रांग सरळ नसते. ती कठड्यांमधून नागमोडी जाते, त्यामुळे प्रत्येक वळणावर तीच तीच माणसे समोरून येतात आणि तिसऱ्या वळणानंतर त्यांना ओळखीचे हसू द्यावे की नाही, असा पेच पडतो. शेवटी एक इमारत येते. आले एकदाचे, असे म्हणून आपण आत शिरतो, तर आत आणखी एक रांग असते, फक्त अंधारात.

डोके चालू राहावे म्हणून मी गणित केले. रांगेची लांबी, लोक पुढे सरकण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचे नाते सांगणारा एक साधा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला आहे. आपल्यापुढची माणसे मोजावीत, दर तासाला किती माणसे सुटतात त्याने भागावे, की आपली वेळ निघते. एका वळणात साठ माणसे होती आणि पुढे पंधरा वळणे होती, म्हणजे नऊशे माणसे. गाडीत चोवीस जण बसत आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटे, म्हणजे तासाला सातशे वीस. उत्तर पंचाहत्तर मिनिटे आले. फलकावर साठ लिहिले होते. मी हे कन्येला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले, तर ती म्हणाली, “बाबा, प्लीज हळू बोला.” पुढचे एक गृहस्थ मात्र वळून म्हणाले, “पंचाहत्तर? मग आम्ही निघतो,” आणि त्यांचे सात जणांचे कुटुंब खरोखरच निघून गेले. त्या दिवशी मी वाचवलेला वेळ तेवढाच, सुमारे पस्तीस सेकंद.

या शास्त्राचा उगम कुठे झाला, हेही मला तिथेच आठवले. ॲग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या कॉलांविषयी जो लेख प्रसिद्ध केला, तिथून रांगांचा गणिती अभ्यास सुरू झाला असे मानतात. हे एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. त्याच शहरात तिवोली हे उद्यान १८४३ पासून चालू आहे आणि शहराच्या उत्तरेला, १५८३ पासूनचा इतिहास सांगणारे बाकेन आहे. ज्या गावाला अशी दोन उद्याने आहेत तिथल्या माणसाला रांगेचे शास्त्र सुचले ते केवळ टेलिफोनमुळेच, यावर त्या पंचाहत्तर मिनिटांनंतर माझा विश्वास राहिलेला नाही.

रोलर कोस्टरची एक आरंभीची गाडी थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी १८८४ साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडवर सुरू केली, तेव्हा ती ताशी साधारण सहा मैलांनी धावत असे. आमच्या रांगेच्या मानाने तो वेग भयंकरच म्हणायचा. आमची गाडी त्याहून पुष्कळ जोरात गेली, असे कन्या सांगते. सगळा प्रकार दोन मिनिटांत संपला आणि मी सुरुवातीलाच डोळे मिटून घेतल्यामुळे ती दोन मिनिटेही पूर्णपणे माझ्या वाट्याला आली, असे म्हणता येत नाही.

जेवणाची हकीकत सांगण्यासारखी नाही. तिथेही रांग होती.

पाण्यातल्या पाळण्याने उरलीसुरली शिस्त घालवली. फोन आणि पाकिटे भिजू नयेत म्हणून ती कुलपाच्या कप्प्यात ठेवली, भिजलो, कपडे बदलले, बूट मात्र बदलता आले नाहीत आणि ओल्या बुटांनी माणूस किती हळू चालतो, याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. त्यात कप्प्याचा क्रमांक चिरंजीवांनी लक्षात ठेवला होता. त्यांनी तीन वेगवेगळे क्रमांक लक्षात ठेवले होते. फोन हाती आले तेव्हा साडेचार वाजले होते.

शेवटी आम्ही आकाशपाळण्याच्या रांगेत लागलो. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस यांनी उभारलेल्या मूळ चक्राला छत्तीस डबे होते, एकेका डब्यात साठ माणसे मावत आणि एकदा बसले की वीस मिनिटे फिरायला मिळे. आमच्या पाळण्याच्या डब्यात चौघे बसत. पंचावन्न मिनिटे थांबल्यावर चार मिनिटे मिळाली, पण वरून सूर्यास्त दिसला, हे मान्य केले पाहिजे. खाली झाडाखालच्या बाकावर सासूबाईही दिसल्या. त्यांनी हात हलवला.

उद्यान बंद होण्याच्या सुमारास मी हिशोब केला. बारांपैकी सात पाळणे झाले होते. प्रत्यक्ष फिरण्याचा वेळ एकोणीस मिनिटे. मुले झोपेला आली होती आणि पत्नी काही बोलत नव्हती, जे बोलण्याहून वाईट होते. आम्ही सासूबाईंना घ्यायला बाकाकडे गेलो.

“कंटाळलात ना?” मी विचारले.

“छे हो. साडेतीनला ती वाजतगाजत मिरवणूक निघाली ना, तेव्हा सगळे लोक तिच्यामागे पळाले. समोर या आकाशपाळण्याच्या रांगेत एक माणूस शिल्लक नव्हता. तो मुलगा मलाच विचारायला आला, आजी बसता का म्हणून.”

“मग?”

“मग बसले. उतरल्यावर बघते तर अजून कोणी आले नव्हते, म्हणून परत बसले. तुम्हाला फोन लावला होता मी, पण तुम्ही उचलला नाहीत.”

वाहनतळावर आमची गाडी कोणत्या खांबाजवळ आहे, हेही त्यांनाच आठवत होते. परतीच्या वाटेवर मागच्या आसनावरून कन्येने झोपेतच विचारले, की पुढच्या वेळी दोन दिवसांचे तिकीट काढायचे का. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी आरशातून सासूबाईंकडे पाहिले.

“दिवस तुम्ही काय ते ठरवा,” त्या म्हणाल्या, “बाक मात्र मला तोच हवा.”