खुलासा : दक्षिण ध्रुवावरचे ते 'उणे 61' नेमके काय आहे?

'दक्षिण ध्रुवावर उणे 61 अंश, इतिहासातली सर्वांत भयंकर थंडी, म्हणजे तापमानवाढ थोतांड' असा मेसेज पुन्हा फिरतोय. आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ पार उलटा लावलाय.

उणे 61 हे एका दिवसाचं तापमान नाही. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकेच्या अमुंडसेन-स्कॉट संशोधन केंद्रावरच्या एप्रिल ते सप्टेंबर 2021 या सहा महिन्यांची ती सरासरी आहे. तिथल्या 1957 पासूनच्या नोंदींत ही सहामाही सर्वांत थंड ठरली, एवढं खरं. पण त्याच केंद्रावर 23 जून 1982 रोजी पारा उणे 82.8 पर्यंत उतरला होता, आणि अंटार्क्टिकातल्याच रशियाच्या व्होस्तोक केंद्रावर 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 पर्यंत. (तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, ध्रुवावर तर सूर्य मार्चमध्ये मावळतो तो थेट सप्टेंबरात उगवतो.) तेव्हा 'इतिहासातली सर्वांत भयंकर' हे बाद.

आता थोतांडाचं. एका केंद्राचा एक हिवाळा म्हणजे अख्खी पृथ्वी नव्हे. त्या वर्षी ध्रुवाभोवती फिरणारे उंचावरचे वारे जोरात होते, त्यामुळे थंडी आत कोंडली गेली. गंमत म्हणजे 1989 ते 2018 या काळात हेच केंद्र दर दशकाला सुमारे 0.6 अंशाने तापलं, जगाच्या सरासरीच्या तिप्पट वेगाने. आणि त्या गाजलेल्या हिवाळ्यानंतर, मार्च 2022 मध्ये, व्होस्तोकवर उणे 17.7 नोंदलं गेलं. मार्चमध्ये तिथे एरवी उणे पन्नासच्या खाली असतं. त्याचा मेसेज मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.