अर्ध्या टेबलावरची मैत्री

ओटाकू म्हणजे पडदे ओढून एकट्यानं अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका, चित्रपट) बघत बसणारा मुलगा, हे चित्र आपल्याकडच्या अ‍ॅनिमेवेड्यांच्याही डोक्यात पक्कं बसलंय. मला ते अजिबात पटत नाही. जपानीत या शब्दाचा मूळ अर्थ 'तुमचं घर'. आपण अदबीनं 'तुमच्याकडे काय पद्धत?' असं विचारतो ना, तसंच समोरच्याला उद्देशून वापरायचं ते संबोधन. चाहते एकमेकांशी असं बोलायचे, म्हणून १९८३ साली लेखक नाकामोरी आकिओ यांनी एका मासिकातल्या सदरात त्यांना तेच नाव चिकटवलं, तेही हिणवण्यासाठी. म्हणजे ज्याला आपण एकलकोंडेपणाचा शिक्का समजतो, तो शब्द मुळात दोन माणसांच्या बोलण्यातला.

जपानमधल्या विद्यापीठांतले मांगा (जपानी चित्रकथा) क्लब, म्हणजे 'मानकेन', पाहिले की हे कळतं. एप्रिलमध्ये नवी मुलं येतात, क्लबच्या खोलीत बसून आवडत्या पात्रांवर तासन्‌तास बोलतात. पण नुसत्या गप्पांवरची ओळख फार टिकत नाही. ती मुरते 'गोदोशी' काढताना. गोदोशी म्हणजे चार-सहा जणांनी मिळून काढलेला, स्वतःच्या खर्चानं छापलेला आणि कॉमिकेटसारख्या चाहत्यांच्या मेळाव्यात विकलेला अंक. तिथल्या मैत्रीची खरी परीक्षा हीच, असं माझं ठाम मत आहे.

मैत्री बिघडते ती बहुतेक वेळा पैसे आणि तारखा या दोन गोष्टींवरून. समजा पाच जणांनी ५० प्रती काढल्या आणि छपाईला ३०,००० येन लागले. प्रत पडली ६०० येनला. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून किंमत ५०० ठेवली, तर सगळ्या प्रती खपल्या तरी ५,००० येन खिशातून, माणशी १,०००. वीस प्रती उरल्या तर तूट १५,०००, माणशी ३,०००. हा हिशेब पहिल्याच बैठकीत लिहून सगळ्यांसमोर ठेवावा. मेळावा झाल्यावर मांडला की मुखपृष्ठ काढणाऱ्याला वाटतं आपण तर रात्री जागलो, दोन पानं देणाऱ्याला वाटतं आपल्याला एवढा भुर्दंड कशाला. तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात, म्हणून ते भांडण मिटत नाही.

तारखांचं दुखणं जास्त अवघड. ऑगस्टच्या मेळाव्यासाठी छापखान्याची मुदत आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. छापखाने लवकर दिलेल्या कामाला सवलत देतात आणि उशिराच्या कामाला जादा आकार लावतात. एकाच्या उशिराचा दंड पाचही जण भरतात. म्हणून संपादकानं आतली मुदत छापखान्याच्या मुदतीच्या निदान आठवडाभर आधीची ठेवावी. तो आठवडा आळशी मित्रासाठी नसतो, पानं दुरुस्त करायला लागतो. कारण चुका ठरलेल्या असतात. पानांची संख्या चारच्या पटीत नसते. मुखपृष्ठाचा कागद पहिलं-दुसरं पान धरला जातो आणि आतला मजकूर ३ पासून सुरू होतो, हे नवख्यांना ठाऊक नसतं. कोऱ्या पानावर पृष्ठांक नसतो आणि छापखाना काम अडवतो. कडेला कापणीसाठी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र सोडलेलं नसतं, मग पांढरी रेघ दिसते. कृष्णधवल पान ६०० डीपीआयऐवजी (इंचाला ६०० ठिपक्यांऐवजी) ३५० वर केलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ बांधणीचा. मांगा उजवीकडून उघडतो. त्यात कुणी आडव्या ओळींची कथा दिली, की ती डावीकडून उघडायला हवी. एका अंकात दोन्ही बसत नाहीत. अंक उजव्या बांधणीचा असेल तर कथा उभ्या ओळींतच हवी, हे आधी सांगितलं नाही तर शेवटच्या रात्री कुणाचं तरी सगळं लिखाण पुन्हा मांडावं लागतं.

मग कॉमिकेट. २१ डिसेंबर १९७५ ला तोक्योच्या तोरानोमोन भागातल्या सभागृहात तो पहिल्यांदा भरला, तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. डिसेंबर २०१९ मध्ये चार दिवसांत साडेसात लाख लोक आले. मूळ तत्त्व मात्र तेच आहे: इथे ग्राहक कुणीच नाही, विकणारे, घेणारे, व्यवस्था बघणारे सगळे सहभागी. मला हे फार मोलाचं वाटतं.

गटाला मिळतं अर्धं टेबल, ९० बाय ४५ सेंटीमीटर, दोन खुर्च्या आणि तीन प्रवेशपास. पाच मित्र असतील तर दोघांना साधं तिकीट काढून रांगेतून यावं लागतं. ते कोण, हे गृहीत धरू नये. दर मेळाव्याला आळीपाळी लावावी. टेबलाशी बसणाऱ्याला हवे असलेले इतर गटांचे अंक दुसऱ्यानं आणायचे असतात. त्यासाठी दालनं वाटून घ्यावीत, यादीत स्टॉलचा क्रमांक आणि किंमत लिहावी, पैसे आधीच द्यावेत, ५०० ची नाणी आणि १,००० च्या नोटा. प्रत संपली असेल तर पर्याय काय, हेही यादीत लिहावं. आणि ज्यानं कुणी धावाधाव केली, त्याला रिकाम्या हातानं आल्याबद्दल बोल लावू नये.

चाहत्यांचे वाद वेगळे. तेच पात्र, चाहत्यांनी प्रेमात जुळवलेली तीच दोन पात्रांची जोडी, पण तुम्हाला तो हळवा दिसतो आणि मित्राला निष्ठुर. याला तिथे 'काइशाकु-चिगाई' म्हणतात, म्हणजे अर्थ लावण्यातला फरक. जोडीतली नावं उलट क्रमानं लिहिली, म्हणजे नात्यात पुढाकार कुणाचा ते उलटवलं, तरी काहींना ते वाचवत नाही. अशा मुलांना हट्टी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या पात्राच्या आधारानं कुणी एखादं वाईट वर्ष काढलेलं असतं, त्याच्याबद्दल तो अलिप्त राहील कसा? अंकाची जोडी, भावछटा आणि चालणार नाही असं काय, हे बोलावण्यातच लिहावं. न पटणारा मित्र त्या अंकात नसेल, पण टेबलाशी बसायला येईल. असे कितीतरी येतात.

उरलेल्या प्रतींचा खोका कुणाच्या घरी जाणार, हेही आधीच ठरवावं. चौथ्या वर्षाची मुलं मार्चमध्ये पदवी घेऊन निघतात, त्यांच्या माथी तो मारू नये. एक प्रत क्लबच्या कपाटात ठेवावी. मेळाव्याच्या सकाळी आयोजकांकडे नमुना म्हणून दिलेली प्रत तर ते जपून ठेवतातच, शेवटच्या पानावरच्या तारखेसकट आणि गटाच्या नावासकट.