‘एक्सेलचे फॉर्म बंद होणार’ हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी वहिनींचा फोन. “भाऊजी, तुम्ही करून दिलेल्या फॉर्मचं ‘नोंद करा’ बटण दाबलं की इंग्रजीत काहीतरी येतंय. काल संध्याकाळपर्यंत तर व्यवस्थित होतं!” वहिनी एका पतसंस्थेत कारकून आहेत. कर्जाचे अर्ज त्या या फॉर्मवर भरतात: नाव, पॅन, कर्जाचा प्रकार, रक्कम. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला होता. मायक्रोसॉफ्ट व्हीबीए (एक्सेलचे असे फॉर्म ज्या भाषेत लिहितात ती) कायमचं बंद करतंय, मॅक्रो (त्या भाषेतला, फाइलमध्येच साठवलेला कोड) म्हणजे व्हायरस, सगळ्या एक्सएलएसएम (मॅक्रोवाल्या) फाइली आजच एक्सएलएसएक्समध्ये (एक्सेलच्या साध्या फाइलीत) सेव्ह करा आणि जुन्या डिलीट करा, गूगल शीट्समध्ये हेच सगळं फुकट होतं. वहिनींनी सांगितलं तसं केलं. तोच मेसेज नंतर मला आणखी दोघांनी पाठवला, म्हणून हे लिहितोय.

आधी सगळ्यात घातक सल्ला. एक्सएलएसएक्स फाइलमध्ये मॅक्रो राहूच शकत नाही. त्यात सेव्ह केलं की शीटवरचे आकडे राहतात. फॉर्म, त्यातल्या तपासण्या, बटणामागचा कोड, सगळं जातं. एक्सेल तेव्हा विचारतं की व्हीबी प्रोजेक्ट (म्हणजे फाइलमधला सगळा कोड) या प्रकारात ठेवता येणार नाही, पुढे जायचं का? महिनाअखेरीच्या गडबडीत माणूस ‘यस’ दाबून मोकळा होतो. त्यातून फसगत अशी की फाइल उघडी असेपर्यंत कोड मेमरीत असतो आणि फॉर्म चालत राहतो. वहिनींनी संध्याकाळी दोन नोंदी करून पाहिल्या, नीट झाल्या, म्हणून जुनी फाइल उडवली आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. सकाळी बटण जागेवर होतं, मागे काहीच नव्हतं. माझ्याकडे जुनी प्रत होती म्हणून निभावलं. तरी नंतर वाढवलेला सोनेतारणाचा भाग पुन्हा लिहायला दोन रात्री गेल्या. ज्यांच्याकडे प्रतच नाही त्यांनी काय करायचं? हा मेसेज लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग येतो तो इथे.

‘व्हीबीए बंद’ हा नावाचा घोळ आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद ठरवलं ते व्हीबीस्क्रिप्ट, ही वेगळी भाषा. मे २०२४ मध्ये कंपनीनेच त्याचे तीन टप्पे जाहीर केले: आधी ते विंडोजमध्ये सुरूच राहणार, साधारण २०२७ च्या सुमारास आपोआप चालू नसणार, आणि त्यानंतर कधीतरी काढून टाकणार. व्हीबीस्क्रिप्ट विंडोजचा भाग, व्हीबीए ऑफिसचा. युजरफॉर्म, म्हणजे वहिनींच्यासारखे फॉर्म, ऑफिस ९७ पासून व्हीबीएत आहेत आणि त्या घोषणेने ते बंद होत नाहीत.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. काही व्हीबीए कोड व्हीबीस्क्रिप्टवर टेकलेला असतो, आणि माझाही होता. पॅन तपासायला मी व्हीबीस्क्रिप्टचं रेगएक्स्प (मजकूर ठरावीक नमुन्यात आहे का ते बघणारं साधन) वापरलं होतं. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, एवढ्या तपासणीला व्हीबीएचा स्वतःचा ‘लाइक’ पुरतो, म्हणून तो तुकडा बदलून टाकला. तुमच्या कोडमध्ये व्हीबीस्क्रिप्ट हा शब्द शोधा आणि सापडला तर तेवढंच दुरुस्त करून घ्या. त्यासाठी फाइल कशाला उडवायची?

मॅक्रोतून व्हायरस येतात, हे खरं. १९९९ चा मेलिसा वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला. म्हणूनच २०२२ पासून विंडोजवरचं ऑफिस इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो आपणहून अडवतं आणि वर लाल पट्टी दाखवतं. अनोळखी मेलमधली फाइल असेल तर ती पट्टी तशीच राहू द्या. फाइल ओळखीच्या माणसाने बनवलेली असेल आणि त्यानेच पाठवल्याची फोनवर खात्री केली असेल, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची टिक असते.

गूगल शीट्सचं म्हणाल तर तिथे व्हीबीए चालत नाही. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्ट या भाषेत फॉर्म पहिल्यापासून लिहावा लागतो.

आणि मेसेज वाचून फाइल सेव्ह करून बसला असाल, पण ती अजून उघडी असेल, तर बंद करू नका. ऑल्ट आणि एफ ११ दाबा, डावीकडच्या यादीत फॉर्म दिसतोय का बघा, मग ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘एक्सेल मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ निवडून पुन्हा सेव्ह करा. बंद केली असेल तर आधी रिसायकल बिन बघा, आणि तिथेही नसेल तर ज्याने फॉर्म करून दिला त्याला आजच फोन लावा.