खुलासा : नळ्या जोडल्या म्हणून पाळी ‘सुधारत’ नाही

‘नसबंदी उलटवून घ्या, पाळी पहिल्यासारखी होईल आणि पुढच्याच महिन्यात दिवस राहतील’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातली दोन्ही आश्वासनं चुकीची आहेत.

पाळी चालते ती अंडाशयातल्या हार्मोन्सवर, आणि रक्तस्राव होतो गर्भाशयाच्या अस्तरातून. गर्भनलिका ही फक्त स्त्रीबीजाची वाट. नसबंदीत ती बांधली तरी पाळी येतेच, नसबंदी उलटवताना पुन्हा जोडली तरी तीच पाळी. ऑपरेशनच्या ताणामुळे पहिली पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते, एवढंच. नसबंदीआधी गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेव्हाची नेमकी, कमी स्रावाची पाळी गोळ्यांमुळे होती. ती परत येणार कुठून?

दिवस राहणं वयावर, नळी किती उरली आहे यावर आणि नसबंदी कशी केली होती यावर ठरतं. क्लिप किंवा रिंग लावली असेल तर आशा जास्त, नळी जाळली असेल तर कमी. एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये मुद्दाम गाळल्यासारखी वाटते: जोडलेल्या नळीतच गर्भ अडकण्याचा धोका वाढतो. पाळी चुकली की लगेच तपासणी आणि लवकर सोनोग्राफी हवीच. एका बाजूला ओटीपोटात कळ, खांदादुखी, चक्कर आली तर थेट हॉस्पिटल गाठा.

नळी जोडण्याचं ऑपरेशन पोट उघडून केलं तर सावरायला काही आठवडे लागतात, दुर्बिणीने कमी. खर्च विचारताना भूल, थिएटर, नंतरचा नळीचा एक्स-रे धरलाय का ते विचारा. विमा बहुधा हे देत नाही. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी आधी करा, ती स्वस्त असते.