वजनकाटा एक सांगतो, कंबर दुसरंच: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. भीडभाड न ठेवता लिहिलंत, ते आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिगारेट ओढणारे सहसा सडपातळ असतात, सोडली की वजन वाढतं, आणि नुकतीच सोडलेल्यांत मधुमेह उलट जास्त दिसतो. शिवाय जगभर धूम्रपान घटतंय आणि मधुमेह वाढतोय. तेव्हा सिगारेटने मधुमेहाचा धोका वाढतो, हा मी लिहिलेला संबंध ओढूनताणून जोडलेला आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर आटपतो. २००० साली जगातले साधारण एक तृतीयांश प्रौढ तंबाखू वापरत; २०२२मध्ये ते प्रमाण पाचात एकावर आलं, हे खरं. पण मधुमेहाला कारणं पुष्कळ. एक मंदावलं आणि लठ्ठपणा, बैठं काम, वाढलेलं आयुर्मान ही बाकीची जोरात राहिली, तर एकूण आकडा चढणारच.

आता सडपातळपणा. निकोटिन भूक मारतं, थोडी ऊर्जाही जास्त जाळतं, म्हणून वजनकाट्यावर आकडा कमी दिसतो. पण तेच निकोटिन चरबी फोडून मेदाम्लं रक्तात सोडतं, आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला स्नायू दाद देईनासे होतात. उरलेली चरबी पोटाकडे सरकते. सारख्याच वजनाच्या दोघांत सिगारेट ओढणाऱ्याचा पोटाचा घेर मोठा आढळतो. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या बिघाडांचा गट; त्याच्या निकषांत कंबर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर हे पाच मुद्दे असतात (तीन जुळले की निदान). त्यात वजन नाहीच! सिगारेटने ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि एचडीएल घटतं, ते वेगळंच.

तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप सोडलेल्यांचा. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बरेच जण छातीत दुखलं किंवा साखर निघाली म्हणून सिगारेट सोडतात. एकाच वेळी केलेल्या पाहणीत ते ‘सोडलेले’ म्हणून मोजले जातात आणि आजार सोडण्याच्या खात्यावर पडतो. दुसरी गोष्ट मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं. २०१५ साली ८८ अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे पाहा. कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका ३७ टक्के जास्त, सोडून पाच वर्षंही न झालेल्यांना ५४ टक्के, आणि दहा वर्षं उलटलेल्यांना ११ टक्के. तुम्ही मधल्या आकड्यावर थांबलात.

२०१८च्या एका अमेरिकन अभ्यासात हा तात्पुरता धोका ५ ते ७ वर्षांनी शिगेला पोचून उतरताना दिसला, आणि ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांच्यात तो वाढलाच नाही. वजन कितीही वाढो, सोडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच होतं.

‘ओढणारे बाकीही बेफिकीर जगतात, त्याचा हा परिणाम’ ही शंका मात्र रास्त आहे. आकडेमोडीत ती पूर्ण पुसता येत नाही. पण २००७च्या एका विश्लेषणात दिवसाला २० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना धोका ६१ टक्के जास्त आणि त्याहून कमी ओढणाऱ्यांना २९ टक्के जास्त निघाला. नुसत्या बेफिकिरीने अशी पायरी पडणं मला अवघड वाटतं.

आणि तुमचे जे नातेवाईक साखर वाढेल या भीतीने सोडत नाहीत, ते इन्सुलिन घेत असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगू द्या. निकोटिनने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. ते थांबलं की टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेगाने उतरू शकतं आणि डोस बदलावा लागू शकतो.